एपीआयनं क्लाउडवर मशीन उभी करणं आणि दुरून लॉगिन करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या ईसी२ या भाड्यानं आभासी मशीन देणाऱ्या सेवेत एपीआयनं, म्हणजे प्रोग्रॅममधून आज्ञा पाठवून, मशीन बनवणं, ती हवी तशी लावणं आणि घरून किंवा ऑफिसातून तिच्यात शिरणं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुंबई रीजनची आहेत (रीजन म्हणजे एका भागातली ॲमेझॉनची डेटा सेंटरं). आज्ञांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत आहेत, टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंगच वापरा. दोन आग्रह जागोजागी दिसतील: मशीन अशी बनवा की उद्या उडवली तरी तासाभरात तशीच पुन्हा उभी राहील, आणि तिचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवू नका.

१. ब्राउझरमधल्या कन्सोलवर बटणं दाबून मशीन होतेच की. मग एपीआय कशाला?

होते. पहिली मशीन तर कन्सोलवरच बनवावी, कुठे काय असतं ते डोळ्यांना दिसतं. पण कन्सोलही पाठीमागे तेच एपीआय वापरतो. ईसी२ २००६ साली सुरू झाली तेव्हा कन्सोल नव्हताच, तो २००९ मध्ये आला. एपीआयचा खरा फायदा दुसऱ्या मशीनच्या वेळी कळतो. तीन महिन्यांनी तशीच आणखी एक हवी असते आणि तेव्हा कुठले पर्याय निवडले होते हे कुणालाच आठवत नाही. स्क्रिप्टमध्ये ते सगळं लिहिलेलं असतं.

२. सुरुवात कशानं करू? थेट एचटीटीपी विनंती पाठवली तर चालेल का?

चालते. मुंबईसाठी पत्ता ईसी२.एपी-साउथ-१.ॲमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम, कृतीचं नाव रनइन्स्टन्सेस आणि एपीआयची आवृत्ती २०१६-११-१५, एवढं सोबत पाठवायचं. अडचण सहीची आहे. प्रत्येक विनंतीवर सिग्नेचर व्हर्जन ४ पद्धतीनं सही करावी लागते आणि ती हातानं करत बसण्यात काही हशील नाही. सीएलआय (आज्ञा टाइप करून चालवायचं ॲमेझॉनचं साधन) बसवा, किंवा पायथॉन येत असेल तर बोटो३ ही तिची लायब्ररी घ्या. दोन्ही सही स्वतःच करतात.

सहीत वेळही धरलेली असते. विनंतीवरची वेळ आणि सर्व्हरवरची वेळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर विनंती नाकारली जाते. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हार्डवेअरचं घड्याळ एक सिस्टिम स्थानिक वेळेत वाचते आणि दुसरी यूटीसीमध्ये, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक पडू शकतो. की बरोबर, परवानगी बरोबर आणि तरीही सही चुकीची सांगत असेल, तर आधी घड्याळ बघा.

३. मुंबई घ्यावं की हैदराबाद?

मुंबई, म्हणजे एपी-साउथ-१. हे रीजन २०१६ पासून आहे आणि खात्यात आधीपासून चालू असतं. हैदराबाद, म्हणजे एपी-साउथ-२, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते खात्यात आधी चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर एपीआय ओळखच दाखवत नाही. एक लक्षात ठेवा: इमेजचा (मशीन ज्यावरून बनते त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तयार साच्याचा) आयडी, की-पेअर (लॉगिनच्या कींची जोडी), सिक्युरिटी ग्रुप (मशीनमध्ये कुणाला येऊ द्यायचं याचे नियम) हे सगळं त्या त्या रीजनपुरतंच असतं. एखाद्या लेखातून उचललेला व्हर्जिनियाचा इमेज आयडी मुंबईत सापडत नाही, आणि 'इमेज अस्तित्वात नाही' या एररचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

४. ॲक्सेस की आणि .पेम फाइल एकच का?

अजिबात नाही, आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ॲक्सेस की एपीआयशी बोलण्यासाठी असते: मशीन बनव, थांबव, उडव. .पेम फाइल म्हणजे एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीची) खाजगी की, ती फक्त मशीनच्या आत लॉगिन करायला लागते. ॲक्सेस की चोरीला गेली तर चोर तुमच्या खात्यात पन्नास मशीन उभ्या करू शकतो. .पेम गेली तर ती की ज्या मशीनवर आहे तेवढ्याच धोक्यात येतात.

रूट खात्याची (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याची) ॲक्सेस की कधीही बनवू नका. आयएएममध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या परवानग्यांच्या सेवेत, वेगळा युजर करा, किंवा त्याहून बरं, थोड्या वेळानं आपोआप संपणारी तात्पुरती क्रेडेन्शियल्स वापरा. मशीनच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला एपीआय लागत असेल तर मशीनला आयएएम रोल (परवानग्यांचा संच) जोडा. फाइलमध्ये की लिहून ठेवायची गरज उरत नाही.

५. एक साधी मशीन बनवायला कमीत कमी काय काय द्यावं लागतं?

रनइन्स्टन्सेसला इमेज आयडी, मशीनचा प्रकार, आणि किती मशीन हव्यात ते किमान व कमाल आकड्यांत. आत शिरायचं असेल तर यात की-पेअरचं नाव, सिक्युरिटी ग्रुप आणि सबनेट (तुमच्या नेटवर्कचा एक भाग) आलंच. सिक्युरिटी ग्रुप दिला नाही तर डिफॉल्ट ग्रुप लागतो, आणि तो बाहेरून कुणालाच आत घेत नाही.

मशीनच्या प्रकाराबाबत एक इशारा. टी४जी आणि नावात आकड्यानंतर जी असलेले इतर बरेच प्रकार ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरवर चालतात, म्हणजे आर्म आर्किटेक्चर. त्यांना आर्मचीच इमेज लागते. टी३ला एक्स८६ची. जोडी जमली नाही तर विनंती तिथल्या तिथे परत येते.

खरी विनंती पाठवण्याआधी ड्राय-रन पर्याय लावून बघा. परवानगी असेल तर 'ड्राय-रन-ऑपरेशन' असं उत्तर येतं. ते दिसायला एररसारखं असलं तरी अर्थ 'चाललं असतं' असाच आहे. परवानगी नसेल तर 'अनऑथराइज्ड-ऑपरेशन' येतं.

६. मशीन बनली म्हणून उत्तर आलं, पण त्यात आयपी पत्ताच नाही. का?

कारण त्या क्षणी मशीनची अवस्था 'पेंडिंग' असते. उत्तरातून फक्त इन्स्टन्स आयडी उचला, आय आणि डॅशनं सुरू होणारा. मग डिस्क्राइबइन्स्टन्सेसनं विचारा. सीएलआयमध्ये यासाठी वेट नावाची आज्ञा आहे, ती दर १५ सेकंदांनी विचारते आणि ४० वेळा विचारून थांबते. 'रनिंग' झाली म्हणजे लॉगिन तयार झालंच असंही नाही. आतली ऑपरेटिंग सिस्टिम चालू व्हायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये स्टेटस-ओकेची वाट बघा.

बनवल्या बनवल्या लगेच विचारलं तर कधी कधी 'असा आयडी नाही' असंही उत्तर येतं. घाबरू नका. नवी माहिती एपीआयच्या सगळ्या सर्व्हरांपर्यंत पोचायला काही क्षण जातात. थांबून पुन्हा विचारा, नवी मशीन बनवू नका. (असंच घाईनं दोन मशीन झाल्या असतील तर प्रश्न १८ बघा.)

७. लॉगिन करताना युजरचं नाव काय टाकायचं? रूट चालत नाही.

इमेजवर अवलंबून आहे. ॲमेझॉन लिनक्सवर ईसी२-युजर, उबुंटूवर उबुंटू, डेबियनवर ॲडमिन, रॉकी लिनक्सवर रॉकी. आत गेल्यावर सुडो (रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवायची सोय) मिळतंच. रूटनं (हा लिनक्सचा मुख्य युजर, प्रश्न ४ मधलं रूट खातं वेगळं) थेट लॉगिन मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, ते तसंच राहू द्या.

८. लॉगिनच होत नाही. काय करू?

एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. स्क्रीनवर नेमकं काय उमटलं ते आधी वाचा, कारण तीन संदेशांची तीन वेगळी घराणी आहेत.

'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे तुमचं पॅकेट मशीनपर्यंत पोचलंच नाही. की, युजर, पासवर्ड यांचा इथे काही संबंध नाही. सिक्युरिटी ग्रुपमध्ये तुमच्या पत्त्याला पोर्ट २२ (एसएसएचचं पोर्ट) उघडं आहे का, मशीनला सार्वजनिक पत्ता आहे का, सबनेटच्या रूट टेबलमधून (वाटांच्या यादीतून) इंटरनेट गेटवेकडे वाट आहे का, हे ह्याच क्रमानं तपासा. नेटवर्क एसीएल (अख्ख्या सबनेटचे ये-जा नियम) कुणी बदललं असेल तर तेही बघा. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या जोडणीचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो, एसीएल सोडत नाही, तिथे परतीचे पोर्टही वेगळे उघडावे लागतात. कालपर्यंत चालत होतं आणि आज टाइम आउट येतंय, असं असेल तर तुमचा घरचा पत्ता बदलला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्यासाठी प्रश्न ९.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पॅकेट पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. मशीन अजून बूट होतेय, एसएसएचची सेवा बंद पडलीय, किंवा तुम्ही तिचं पोर्ट बदललंय.

'परमिशन डिनाइड, पब्लिककी' म्हणजे दारापर्यंत पोचलात, पण ओळख पटली नाही. युजर चुकला (प्रश्न ७), किंवा दुसऱ्याच मशीनची .पेम दिली. त्याआधी 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' असा मोठा चौकटीतला इशारा आला असेल, तर फाइल इतरांनाही वाचता येतेय म्हणून एसएसएचनं ती वापरायलाच नकार दिलाय. लिनक्स आणि मॅकवर सीएचमॉड ४०० करा. विंडोजवर फाइलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये वारसा बंद करून फक्त स्वतःचं नाव ठेवा.

विंडोज १० आणि ११ वर एसएसएच आत असतंच, पुटी (विंडोजवरचा वेगळा एसएसएच प्रोग्रॅम) घेतलीच पाहिजे असं नाही. घेतली तर .पेमची .पीपीके करून घ्यावी लागते.

९. माझ्या घरच्या नेटचा आयपी रोज बदलतो. पोर्ट २२ सगळ्यांना, म्हणजे ०.०.०.०/० ला उघडं ठेवलं तर काय बिघडतं? की तर माझ्याकडेच आहे.

की असताना कुणी पासवर्ड ओळखून आत येणार नाही, हे खरं. तरीही ठेवू नका. उघड्या पोर्टवर काही मिनिटांतच अनोळखी पत्त्यांवरून ठोकाठोक सुरू होते. ऑथ लॉग उघडून बघा: रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशी नावं एकामागून एक आजमावलेली दिसतील. उद्या टीममधल्या कुणी 'तात्पुरतं' म्हणून पासवर्ड लॉगिन चालू केलं, किंवा एसएसएच सर्व्हरमध्येच दोष निघाला, तर तुमची मशीन आधीच यादीत असते. असा दोष २०२४ च्या जुलैत ओपनएसएसएचमध्ये जाहीर झाला होता आणि त्यात लॉगिनशिवाय आत शिरण्याची वाट होती.

पत्ता बदलतो यावर सोपा उपाय आहे. काम सुरू करण्याआधी चालवायची चार ओळींची स्क्रिप्ट लिहा: सध्याचा पत्ता विचारायचा, रिव्होकसिक्युरिटीग्रुपइनग्रेसनं जुना नियम काढायचा, ऑथराइझसिक्युरिटीग्रुपइनग्रेसनं नवा पत्ता /३२ (म्हणजे फक्त तो एकच पत्ता) लावून घालायचा. नियमाच्या वर्णनात स्वतःचं नाव लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी तो कुणाचा हे कळेल.

दोन खाचाखोचा. मोबाइल डेटावर एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे /३२ लावूनही तुम्ही एकटे नसता. आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर बऱ्याचदा आयपीव्ही६ पत्ता दिसतो, एसएसएच मात्र आयपीव्ही४ वरून जातं. लांबलचक, कोलनवाला पत्ता दिसला तर आयपीव्ही४ वेगळा शोधा.

खरं तर पोर्ट २२ उघडायची गरजच नाही असा रस्ता पुढच्या उत्तरात आहे, आणि नव्या कामासाठी मी तोच धरायला सांगेन.

१०. कॉलेजच्या वायफायवरून पोर्ट २२ बंद आहे. घरी चालतं, लॅबमध्ये नाही.

सेशन मॅनेजर वापरा. मशीनमधला एसएसएम (सिस्टिम्स मॅनेजर) एजंट स्वतःच बाहेर पोर्ट ४४३ वर जोडणी धरून बसतो आणि तुमचं सेशन त्यावरून आत येतं. तुमच्या बाजूलाही सगळं ४४३ वरूनच जातं, जे ब्राउझिंगसाठी उघडं असतंच. मशीनवर आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

तीन गोष्टी लागतात: मशीनमध्ये एजंट (ॲमेझॉन लिनक्सच्या साध्या इमेजमध्ये आणि उबुंटूच्या अधिकृत इमेजांत तो आधीपासून असतो), मशीनला ॲमेझॉनएसएसएममॅनेज्डइन्स्टन्सकोअर ही पॉलिसी असलेला रोल, आणि तुमच्या लॅपटॉपवर सीएलआयसोबत सेशन मॅनेजर प्लगइन. नवी मशीन यादीत दिसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा रोल जोडायचा राहिलेला असतो. रोल नंतर जोडला तरी चालतो, फक्त एजंटला तो कळायला काही मिनिटं द्या, किंवा मशीन रीबूट करा.

११. मशीनला सार्वजनिक पत्ताच द्यायचा नाही. तरी आत कसं जायचं?

दोन वाटा. पहिली सेशन मॅनेजरची, पण एजंटला बाहेर बोलता यायला हवं, म्हणजे नॅट गेटवे (खाजगी मशीनला इंटरनेटवर नेणारी वाट) किंवा व्हीपीसी (तुमचं खाजगी नेटवर्क) एंडपॉइंट लागतात, आणि दोन्हींचे पैसे पडतात. दुसरी, ईसी२ इन्स्टन्स कनेक्ट एंडपॉइंट. हे २०२३ पासून आहे, व्हीपीसीमध्ये एक बनवायचं आणि त्यातून खाजगी पत्त्यावर एसएसएच करायचं. एंडपॉइंटचं वेगळं शुल्क नाही. शिकणाऱ्यांसाठी आणि छोट्या टीमसाठी मला हीच वाट जास्त परवडणारी वाटते.

१२. विंडोज मशीनचा पासवर्ड कुठे मिळतो?

गेटपासवर्डडेटा ही कृती वापरा. पासवर्ड तुमच्या की-पेअरनं कुलूपबंद होऊन येतो आणि .पेम फाइलनं उलगडतो. मशीन सुरू होऊन निदान चार मिनिटं जाऊ द्या, त्याआधी उत्तर रिकामं येतं. की आरएसएचीच हवी, ईडी२५५१९ प्रकारची की विंडोजला चालत नाही. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९, आणि ते जगाला उघडं ठेवणं हे २२ उघडं ठेवण्याहून वाईट, कारण तिथे पासवर्डच चालतो. सेशन मॅनेजरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमधून रिमोट डेस्कटॉप नेता येतो, तसंच करा.

१३. मशीन बनवताना युजर डेटामध्ये स्क्रिप्ट दिली होती, ती चाललीच नाही.

आत शिरून व्हार फोल्डरच्या आतल्या लॉग फोल्डरमध्ये क्लाउड-इनिट-आउटपुट.लॉग उघडा. बहुतेक वेळा ती चाललेली असते आणि मध्येच पडलेली असते.

खरंच चालली नसेल तर कारणं मोजकीच आहेत. पहिली ओळ शीबँगनं (#! या खुणेनं) सुरू होत नाही. किंवा फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली आणि ओळींच्या शेवटी जादा अक्षर चिकटलं. किंवा तुम्ही स्क्रिप्ट बदलून मशीन रीबूट केलीत: ही स्क्रिप्ट फक्त पहिल्या बूटला, रूट म्हणून, एकदाच चालते. मर्यादा १६ केबीची आहे, मोठं काही असेल तर एस३ वर (ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत) ठेवून स्क्रिप्टमधून ओढा.

एक अपवाद पुष्कळांना चकवतो. सीएलआय आणि बोटो३ रनइन्स्टन्सेसच्या वेळी युजर डेटा स्वतःच बेस६४ करतात (म्हणजे ठरावीक साध्या अक्षरांत गुंडाळतात). लाँच टेम्प्लेट (मशीनच्या पर्यायांचा साठवलेला नमुना) बनवताना मात्र करत नाहीत, तिथे तुम्हीच करून द्यायचा. आणि रनइन्स्टन्सेसला आधीच बेस६४ केलेला दिला, तर तो दोनदा गुंडाळला जातो आणि आत पोचतं ते निरर्थक अक्षरांचं गाठोडं.

१४. युजर डेटात डेटाबेसचा पासवर्ड लिहिला तर चालेल का?

नको. मशीनच्या आतला कुठलाही प्रोग्रॅम १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटाच्या (मशीनला तिचीच माहिती देणाऱ्या) पत्त्यावर विचारून तो वाचू शकतो, आणि खात्यात पुरेशी परवानगी असलेला माणूस एपीआयनंही. पासवर्ड ॲमेझॉनच्याच पॅरामीटर स्टोअर किंवा सीक्रेट्स मॅनेजर या सेवेत ठेवा आणि मशीनच्या रोलला तेवढाच वाचायची परवानगी द्या.

त्याच पत्त्यावरून रोलची तात्पुरती क्रेडेन्शियल्सही मिळतात, म्हणून मशीन बनवताना मेटाडेटासाठी टोकन सक्तीचं करा, म्हणजे आयएमडीएसव्ही२. मग आतली डॉकरमधली ॲप्लिकेशन्स अचानक 'क्रेडेन्शियल्स सापडत नाहीत' म्हणू लागली, तर हॉप मर्यादा १ ची २ करा. टोकनचं उत्तर कंटेनरच्या नेटवर्कपर्यंत एक उडी जास्त घेतं.

१५. मशीन स्टॉप केली, तरी बिल येतंय. आणि पुन्हा चालू केली तर पत्ताही बदलला!

स्टॉप केल्यावर मशीनचे तासाचे पैसे थांबतात, डिस्कचे थांबत नाहीत. इलॅस्टिक आयपी (खात्यासाठी राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) धरून ठेवला असेल तर त्याचेही नाहीत. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला, वापरात असो वा नसो, ताशी ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. भारतातल्या खात्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. छोट्या मशीनच्या बिलात हा आकडा डोळ्यात भरतो.

पत्त्याचं म्हणाल तर रीबूटनं तो बदलत नाही, स्टॉप-स्टार्टनं बदलतो. कायमचा हवा असेल तर इलॅस्टिक आयपी घ्या, काम संपल्यावर तो सोडून द्या. मशीन उडवली की तो आपोआप सुटतो असं अनेकांना वाटतं. सुटत नाही, रिलीजॲड्रेस वेगळं करावं लागतं.

शिकण्यासाठी खातं उघडत असाल तर १५ जुलै २०२५ नंतरच्या नव्या खात्यांना जुनी बारा महिन्यांची ७५० तासांची सवलत नाही. त्याऐवजी २०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं. जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नका, आणि पहिल्याच दिवशी बजेटचा अलर्ट लावा.

१६. मशीन मोठी कशी करायची? डिस्क वाढवली, पण आत जुनाच आकार दिसतो.

प्रकार बदलायला मशीन स्टॉप करा, मॉडिफायइन्स्टन्सॲट्रिब्यूट करा, स्टार्ट करा. आर्किटेक्चर तेच राहिलं पाहिजे (प्रश्न ५). डिस्क मॉडिफायव्हॉल्यूमनं चालू मशीनवरही वाढते, पण आतलं पार्टिशन आणि फाइल सिस्टिम तुम्हाला वाढवावी लागते: आधी ग्रोपार्ट, मग ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ२एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. डिस्क लहान करता येत नाही. म्हणून सुरुवात लहान आकारानं करा.

१७. .पेम फाइल हरवली. पुन्हा डाउनलोड होईल का?

नाही. ॲमेझॉनकडे फक्त सार्वजनिक की असते. पण मशीन गेली असं समजू नका. एसएसएम एजंट चालू असेल तर प्रश्न १० प्रमाणे आत जा आणि ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये नवी की घाला. ईसी२ इन्स्टन्स कनेक्ट बसवलेलं असेल तर ते ६० सेकंदांपुरती तात्पुरती की आत ढकलतं, तेवढ्यात लॉगिन करा.

दोन्ही नसेल तर मोठा रस्ता. आधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या. मशीन स्टॉप करा, रूट डिस्क काढा, त्याच अव्हेलॅबिलिटी झोनमधल्या (रीजनच्या त्याच विभागातल्या) दुसऱ्या मशीनला जोडा, माउंट करून की बदला, परत मूळ जागी त्याच डिव्हाइस नावानं लावा. मशीनला इन्स्टन्स स्टोअरची (तात्पुरत्या साठवणीची) डिस्क असेल तर स्टॉप करण्याआधी थांबा: तिच्यावरचा डेटा स्टॉप करताच जातो.

स्वतःच फायरवॉल चालू करून पोर्ट २२ बंद करून बसलात, तरी इन्स्टन्स कनेक्ट सोडून उपाय हेच. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करताना एसएसएचला परवानगी द्यायची राहून जाते. सेशन मॅनेजर तेव्हाही चालतो, कारण त्याची जोडणी आतून बाहेर जाते. सीरियल कन्सोलही आहे, पण तो नायट्रो (ॲमेझॉनची नवी यंत्रणा) प्रकारच्या मशीनवरच मिळतो, खात्यात आधी चालू करावा लागतो, आणि आत पासवर्ड असलेला युजर लागतो. तो आधीच करून ठेवला असेल तरच अडीनडीला उपयोग.

१८. नेट मध्येच गेलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, दोन मशीन तयार झाल्या. हे कसं टाळू?

प्रत्येक विनंतीबरोबर क्लायंट टोकन द्या, तुम्हीच बनवलेली एक वेगळी ओळखखूण. तीच विनंती त्याच टोकननं पुन्हा गेली तर नवी मशीन बनत नाही, पहिलीचंच उत्तर परत येतं. टोकन तेच ठेवून आतला प्रकार किंवा इमेज बदललीत तर 'इडेम्पोटंट-पॅरामीटर-मिसमॅच' येतं, आणि ते योग्यच आहे. टोकन स्क्रिप्ट चालवताना नव्यानं बनवू नका, कामाच्या नावावरून ठरवा, नाहीतर दुसऱ्यांदा चालवल्यावर ते वेगळंच होईल आणि सगळा उपयोग संपेल.

'रिक्वेस्ट-लिमिट-एक्सीडेड' आलं तर लगेच पुन्हा मारा करू नका. थांबण्याचा वेळ दर खेपेला दुप्पट करा आणि त्यात थोडी अनियमितता घाला. शंभर मशीनची अवस्था विचारायची असेल तर शंभर विनंत्या नकोत, एकाच डिस्क्राइबइन्स्टन्सेसमध्ये सगळे आयडी द्या.

१९. 'कॅपॅसिटी नाही' आणि 'लिमिट संपली' यांत फरक काय?

'इनसफिशियंट-इन्स्टन्स-कॅपॅसिटी' म्हणजे त्या झोनमध्ये त्या क्षणी ॲमेझॉनकडेच तसलं हार्डवेअर शिल्लक नाही. दुसरा झोन किंवा दुसरा प्रकार घ्या, किंवा थोड्या वेळानं बघा. 'व्हीसीपीयू-लिमिट-एक्सीडेड' म्हणजे हार्डवेअर आहे, पण तुमच्या खात्याची मर्यादा संपली. सर्व्हिस कोटामधून वाढवून मागा. नव्या खात्याला सुरुवातीची मर्यादा कमी असते, तेव्हा प्रोजेक्टच्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री मागू नका.

परवानगीच्या एररसोबत भलीमोठी न वाचता येणारी ओळ आली तर एसटीएसच्या (तात्पुरती क्रेडेन्शियल्स देणाऱ्या सेवेच्या) डीकोडऑथरायझेशनमेसेज कृतीला द्या. कुठली परवानगी अडली ते उलगडून मिळतं.

आणि मित्राच्या खात्यात 'ए' झोनमध्ये मशीन मिळाली, माझ्या 'ए' मध्ये का नाही, असा प्रश्न असेल तर दोन खात्यांतला 'ए' एकच असेल असं नाही. तुलना झोन आयडीनं करा.

२०. कालच्याच पत्त्यावर जातोय, पण 'होस्ट आयडेंटिफिकेशन बदललं' असा भयंकर इशारा आला.

इलॅस्टिक आयपी जुन्या मशीनवरून नव्या मशीनला लावला असेल तर हे होणारच. पत्ता तोच, मशीन वेगळी. तरी डोळे झाकून जुनी नोंद पुसू नका. गेटकन्सोलआउटपुटनं मशीनचा बूट संदेश मागवा, क्लाउड-इनिट त्यात होस्ट कीचे फिंगरप्रिंट छापतं. ते इशाऱ्यातल्या फिंगरप्रिंटशी ताडून बघा, जुळले की एसएसएच-कीजेनला वजा आर (मोठा, कॅपिटल आर) लावून जुनी नोंद काढा. मशीन बदललेलीच नसेल आणि तरी इशारा आला, तर लॉगिन न करता आधी शोध घ्या.

२१. ॲक्सेस की चुकून गिटहबवर गेली. कमिट डिलीट केलं, पुरेसं आहे का?

नाही. क्षणभरही सार्वजनिक झाली असेल तर ती गेली असंच धरा. हा क्रम: आयएएममध्ये की इनॲक्टिव्ह करा, नवी बनवून आपली कामं तिच्यावर हलवा, जुनी काढून टाका. मग एकेक करून सगळी रीजन तपासा, फक्त मुंबई नाही. चोर मशीन उभ्या करतात त्या तुम्ही कधीच उघडत नाही अशा रीजनमध्ये. अनोळखी युजर, रोल आणि की-पेअरही शोधा. क्लाउडट्रेलच्या (खात्यातल्या कृतींची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) इव्हेंट हिस्टरीत मागच्या ९० दिवसांच्या व्यवस्थापनाच्या कृती रीजनवार दिसतात, त्यातून त्या कीनं काय केलं ते कळतं.

ॲमेझॉन अशा उघड्या की स्वतः शोधते आणि सापडली तर त्या युजरला काही कृतींपासून रोखणारी क्वारंटाइन पॉलिसी जोडते. तसा ईमेल आला तर तो जाहिरात समजून सोडू नका, आणि सपोर्टकडे लगेच केस उघडा.

२२. टर्मिनेशन प्रोटेक्शन लावलं होतं, तरी मशीन उडाली. कसं शक्य आहे?

ते संरक्षण कन्सोलवरून आणि एपीआयनं येणाऱ्या टर्मिनेटच्या आज्ञेपुरतंच असतं. मशीनच्या आतून कुणी शटडाउन दिलं आणि 'आतून शटडाउन झाल्यास काय करायचं' हा पर्याय टर्मिनेटवर असेल, तर ती जातेच. तो पर्याय स्टॉपवर ठेवा. ऑटो स्केलिंग ग्रुपमधली (गरजेप्रमाणे मशीन वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या गटातली) मशीनही ग्रुप काढू शकतो, त्यासाठी तिथलं स्केल-इन संरक्षण वेगळं आहे.

उडालेली मशीन साधारण तासभर यादीत 'टर्मिनेटेड' म्हणून दिसते, पण तिला परत आणता येत नाही. रूट डिस्क सहसा तिच्याबरोबरच जाते, नंतर वेगळी जोडलेली डिस्क सहसा राहते. आधी व्हॉल्यूम्सची यादी बघा, 'अव्हेलेबल' अवस्थेत तुमची डिस्क पडलेली असू शकते. नसेल तर शेवटचा स्नॅपशॉट शोधा आणि त्यावरून नवी डिस्क बनवा.